‘बारा कोंबड्यांचं’ तयार खुराडं: सांगाडा पक्का, बाकी बरंच बदलायचं

हे खुराडं तीन-चार निरनिराळ्या नावांनी विकलं जातं, पण साचा एकच. एक इंची चौकोनी पाइपचा सांगाडा, त्यावर हिरवं पावडर कोटिंग, लांबी चार फूट, रुंदी तीन फूट, आतली उंची तीन फूट, खाली सव्वा फुटाचे पाय आणि पायांना चाकं. तीन बाजूंना जाळी, मागे प्लायवूड, त्या प्लायवूडला बाहेरून जोडलेले अंडी घालायचे दोन कप्पे. पत्र्याच्या छपराला मागच्या बाजूला उतार. तळालाही जाळीच, तिच्याखाली शिट झेलायचा ट्रे. किंमत नऊ-दहा हजारांच्या घरात. माल सुटा करून दोन खोक्यांत येतो, म्हणजे मुंबईत मार्वेहून मनोरीच्या फेरीबोटीत किंवा बोरिवलीच्या धक्क्यावरून गोराईच्या बोटीत चढवता येतो. भाईंदर-उत्तनमार्गे टेम्पोचा वळसा वाचतो. एवढी सोय मात्र मान्य करायला हवी.

जोडणीही सोपी आहे. सगळे बोल्ट सहा मिलिमीटरचे, दहा नंबरचा एकच पाना पुरतो. सोबत साधे नट येतात. ते सारून नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले, सहज ढिले न होणारे) लावा, नाहीतर दार रोज उघडून-मिटून महिनाभरात सगळा सांगाडा डुगडुगायला लागतो. सगळे बोल्ट आधी हाताने फिरवून ठेवायचे, सांगाडा सपाट लादीवर उभा करून काटकोनात आणायचा आणि मगच आवळायचे. उलट केलं तर दार चौकटीत बसत नाही आणि दोष दाराचा वाटतो.

आता त्या ‘बारा’चं. चार गुणिले तीन म्हणजे बारा चौरस फूट. विक्रेत्याने सरळ कोंबडीमागे एक फूट धरलाय. दिवसभर वाडीत मोकळ्या फिरणाऱ्या आणि फक्त रात्री आत येणाऱ्या गावरान कोंबडीलाही दीड ते दोन चौरस फूट लागतात. म्हणजे हिशेब सहा ते आठवर येतो, आम्ही सात धरतो. वनराजासारखी अंगाने मोठी जात असेल तर पाच. मुंबईच्या पावसात दोन-दोन दिवस कोंबड्या बाहेर पडतच नाहीत, तेव्हा दाटी केलेल्या खुराड्यात एक दुसरीची शेपटीकडची पिसं उपटायला लागते. एकदा रक्त दिसलं की बाकीच्या तिथेच चोची मारत राहतात. अशी जखमी कोंबडी लगेच वेगळी काढावी लागते, आणि या खुराड्यात वेगळं काढायला जागाच नाही.

सगळ्यात मोठी खोट जाळीत आहे. बाजूंना लावलीय ती षटकोनी विणीची मुर्गाजाळी, एक इंच भोकाची, बावीस गेजची. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक; बावीस गेज म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर. ही जाळी कोंबडीला आत ठेवायला पुरते, दुसऱ्या कुणाला बाहेर ठेवायला नाही. भटक्या कुत्र्याने दोन वेळा दात घालून ओढलं की वीण उसवते. मुंगूस सैल कोपरा शोधून त्यात डोकं घालतो. मुंगूस दिवसाढवळ्या येतो आणि एका कोंबडीवर थांबत नाही. उदमांजर रात्री छपरावरून उतरतं. उंदीर एक इंची भोकातून सहज आत जातात, खाद्य खातात, अंडी नेतात, लहान पिल्लंही ओढतात. सापाची गोष्ट आणखी विचित्र. सडपातळ साप भोकातून आत येतो, अंडं गिळतो, आणि पोट फुगल्यामुळे त्याच भोकातून त्याला बाहेर पडता येत नाही. सकाळी दार उघडणाऱ्याच्या पुढ्यात तो अडकलेला असतो. अशा वेळी काठी नको, सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. साप, मुंगूस, घोरपड, उदमांजर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. सापळे नि विष लावणं हा गुन्हा आहे आणि मूर्खपणाही, कारण विष खाऊन मेलेला उंदीर पहिल्यांदा कोंबडीच टोचते.

तेव्हा मुर्गाजाळी काढून अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली चौकोनी भोकांची जाळी, लावायचा. अठरा किंवा एकोणीस गेज पुरे. समोरची बाजू चार फूट आणि दोन्ही अंगं तीन-तीन फूट मिळून दहा फूट, तळाला चार फूट, म्हणजे तीन फूट पन्ह्याची चौदा फूट जाळी. कापाकापी धरून सोळा फूट घ्या. नागदेवी स्ट्रीटला हार्डवेअरच्या दुकानांत विचारा आणि घेताना सांधे बघा. वेल्ड करून मग जस्तात बुडवलेली जाळी असेल तर सांध्यांवर जस्ताचे बारीक गोळे दिसतात. आधी जस्त देऊन मग वेल्ड केलेल्या जाळीचे सांधे काळपट, भाजल्यासारखे असतात. खाऱ्या हवेत ही दुसरी जाळी सांध्यासांध्याला गंजते, आणि गोराई-मनोरीला खारी हवा बारमाही.

जाळी सांगाड्याच्या बाहेरून लावा, आतून नव्हे. बाहेरून लावली तर ढकलणारा प्राणी तिला पाइपवरच दाबतो; आतून लावली तर तोच जोर स्क्रू उपटायच्या कामी येतो. कंपनीने ती आतून लावलीय, बहुतेक फोटोत देखणी दिसावी म्हणून. सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू आणि रुंद वायसर, दर चार इंचांवर एक. बाइंडिंग वायरने बांधून भागवू नका, पहिल्या पावसाळ्यातच ती गंजून तुटते. कापलेल्या टोकांना आणि पाइपला पाडलेल्या भोकांना जस्ताचा प्रायमर लावून पुरता वाळू द्या. काम संपलं की एक गोष्ट जवळजवळ सगळेच विसरतात: तारेचे तुकडे. चकाकणारी वस्तू दिसली की कोंबडी ती गिळणारच, आणि पेषणीत (दाणे दळणाऱ्या जाड पोटात) गेलेला टोकदार तुकडा ती फोडून बाहेर येऊ शकतो. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून आजूबाजूच्या मातीवरून दोनदा फिरवा. जेवढे तुकडे निघतील ते बघून आश्चर्य वाटेल.

एवढं करूनही आरेच्या पाड्यांत, जंगलाला लागून राहणाऱ्यांनी हे खुराडं घेऊच नये. बिबट्यापुढे ही जाळी म्हणजे पापड. तिथे विटांची भिंत, सिमेंटचा कोबा, लोखंडी दार आणि वर गज असलेली खोलीच हवी. दुरुस्त केलेलं तयार खुराडं रात्री त्या खोलीच्या आत ठेवता आलं तर गोष्ट वेगळी.

दाराची सिटकणी एकच, तीही मधोमध. वरचा आणि खालचा कोपरा बोटाने ओढला तरी इंचभर उघडतो. वर-खाली एकेक टॉवर बोल्ट लावा. अंड्यांच्या कप्प्यांचं झाकण तर नुसतं स्वतःच्या वजनावर मिटलेलं आहे. उदमांजराला ते उचलता येतं. तिथे कडी-कोयंडा लावून आरपार स्प्रिंगचा हूक घाला. कुलूप लावायचं तर लावा, पण ते माणसांसाठी.

पावसाचं गणित या खुराड्याच्या आराखड्यात दिसतच नाही. मुंबईत चार महिन्यांत दोन मीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही, नैर्ऋत्येकडून झड मारत येतो. छप्पर मात्र जाळीच्या पुढे जेमतेम सहा इंच आलेलं. खुराड्याची पाठ, म्हणजे प्लायवूडची बाजू, नैर्ऋत्येला करा. समोरची जाळी आपोआप ईशान्येला येते आणि सकाळचं ऊनही आत पोचतं. जाळीच्या तिन्ही अंगांना पत्रा दीड फूट पुढे काढा. राहिला मागचा उतार. छपराच्या पागोळ्या बरोबर कप्प्यांच्या बिजागऱ्यांवर गळतात, पाणी फटीतून आत जातं, प्लायवूड फुगतं आणि मग झाकण मिटेनासं होतं. रिक्षाच्या जुन्या ट्यूबची चार इंची पट्टी बिजागऱ्यांवरून आडवी घालून दोन्ही कडांना वायसरसकट ठोकली की हे थांबतं. मागच्या वळचणीला अर्ध्या पाइपची पन्हळ लावली तर आणखी बरं.

पावसाळ्यात बरेच जण खुराडं चारही बाजूंनी ताडपत्रीत गुंडाळून टाकतात. हे झडीपेक्षा घातक आहे. शिटेतला अमोनिया बाहेर पडायला वाट राहत नाही, कोंबड्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं, रात्री घरघर ऐकू येते आणि आठवड्याभरात सगळा कळप शिंकायला लागतो. ताडपत्री फक्त दोन बाजूंना बांधा आणि छपराखालचे सहा इंच नेहमी उघडे ठेवा. खाली वाकून कोंबडीच्या उंचीवर नाक न्या. तिथे डोळे झोंबले तर वारा कमी आहे.

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरात हाच पत्रा तापतो. वर नारळाच्या झावळ्यांचा जाड थर घालून दोरीने आवळला की काम होतं. कोंबडी चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून लांब धरून धापा टाकत असेल तर आधी गार पाणी आणि सावली द्या, खाद्य संध्याकाळी.

तळाच्या जाळीबद्दल विक्रेते फार बढाया मारतात: शिट खाली पडते म्हणून रोग येत नाहीत. अर्धं खरं आहे. रक्ती हगवण ओल्या, शिटेत भिजलेल्या जमिनीतून पसरते, त्यामुळे जाळीवर ती कमी होते. पण मानमोडी (राणीखेत) हवेतून, माणसांच्या चपलांतून, बाजारातून आणलेल्या नव्या कोंबडीतून येते. तिला तुमचा ट्रे अडवत नाही. तिला लसच लागते: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात, आठव्या आठवड्याच्या सुमाराला आर-टू-बी टोचून. अडचण अशी की कुपी शंभर मात्रांची मिळते, ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. सात कोंबड्यांसाठी कुपी फोडणं जिवावर येतं म्हणून लोक लसच टाळतात. त्यापेक्षा वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवावा, बर्फाच्या थर्मासमधून कुपी आणावी आणि सगळ्यांचं उरकावं. लस पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं पाणी चालत नाही, त्यातल्या क्लोरिनने लस मरते. विहिरीचं किंवा उकळून गार केलेलं पाणी घ्या आणि लिटरमागे साधारण पाच ग्रॅम स्किम्ड दुधाची पावडर घाला. शंका असेल तर परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारा. १८८६ पासूनची ती संस्था आहे, नुसती कुत्र्या-मांजरांची नाही.

परत तळाकडे. एक इंची भोकांच्या तारेवर सतत उभं राहून जड कोंबडीच्या तळपायाला गोटा येतो, तो पिकतो आणि ती लंगडायला लागते. पिल्लांचे पाय भोकात अडकतात. शिवाय रात्री खालून उंदीर बोटं कुरतडतात. अर्धा इंची जाळी घातली की उंदरांचा नि पिल्लांच्या पायांचा प्रश्न सुटतो, पण तळपायाचा नाही. म्हणून अर्ध्या तळावर बारा मिलिमीटरचं मरीन प्लाय टाका, कडेला तीन इंची पट्टी उभी करा आणि आत दोन-तीन इंच भाताचा तूस पसरा. तूस एक दिवसाआड हाताने खालीवर करायचा. मुठीत दाबल्यावर गोळा होऊन राहिला तर ओला झालाय, काढून टाका. वास मारायला त्यावर चुना भुरभुरवण्याची सवय वाडीवाडीत आहे. ओल्या शिटेवर चुना पडला की अमोनिया उलट जास्त सुटतो. चुना लावायचा तो तूस काढून, तळ धुऊन, वाळवून झाल्यावर.

ट्रे जेमतेम इंचभर खोल आहे. सात कोंबड्यांची शिट दिवसाला किलोभराच्या आसपास होते, म्हणजे पावसाळ्यात तो रोज काढावाच लागतो, नाहीतर दोन दिवसांत अळ्या. ट्रे रिकामा करून तळाला मूठभर कोरडा तूस टाकला की शिट चिकटत नाही आणि माडाच्या आळ्यात टाकायलाही सोपी जाते.

आतला बसायचा दांडा अर्धा इंची लोखंडी पाइपचा आहे. कोंबडीला बोटं मिटून पकडता येईल असं नाही, तर पाऊल टेकून बसता येईल असं हवं असतं. दोन इंच रुंद, कडा गोल केलेली लाकडी पट्टी घ्या. कोंबडीमागे नऊ इंच धरले तर सातांना त्रेसष्ट इंच, तेव्हा चार फुटी दोन पट्ट्या लावा, दोघींत फूटभर अंतर. कंपनीचा दांडा कप्प्यांच्या तोंडाच्या पातळीत आहे, ही चूक महागात पडते. कोंबडी सगळ्यात उंच जागा पकडून झोपते. दांडा उंच नसेल तर ती कप्प्यात झोपते, तिथेच हगते आणि सकाळची सगळी अंडी बरबटलेली मिळतात. पट्टी कप्प्यांच्या तोंडापेक्षा सहा-आठ इंच वर घ्या.

कप्पे दहा इंची आहेत. गावरान कोंबडीला चालतात, वनराजाला बारा इंची हवेत. समोर चार इंची उंबरठा ठोका, नाहीतर अंडं घरंगळून खाली येतं आणि फुटतं. फुटलेलं अंडं एकदा चाखलं की ती कोंबडी पुढची अंडी स्वतःच फोडायला शिकते. आत कापलेला पेंढा घाला. काथ्या नको; लांब धागा पायाला गुंडाळला जातो किंवा गिळला तर गळ्याखालच्या पिशवीत तुंबतो. प्लायवूडच्या फटींत पिसवांचं घर होतं, रात्री त्या बाहेर येऊन रक्त पितात. टॉर्च घेऊन रात्रीच बघा. फटी सिलिकॉनने बुजवा आणि बाहेर एका टोपल्यात राख आणि कोरडी माती ठेवा, त्यात लोळून कोंबड्या अंगावरच्या उवा-पिसवा बऱ्याचशा झटकतात.

सोबत मिळणारी पाण्याची कुंडी एक लिटरची. कोंबडी दिवसाला पाव लिटर पिते, सातांना पावणेदोन लिटर, मे महिन्यात त्याच्या दुपटीपर्यंत. म्हणजे दुपारी कुंडी कोरडी. पाच लिटरची उपडी कुंडी वेगळी घ्या. खाद्य दिवसाला कोंबडीमागे शंभर-सव्वाशे ग्रॅम. भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा आणि रात्री काढून घ्या. अंड्यावरच्या कोंबड्यांना वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा ठेवा, लागेल तेवढा त्या स्वतः खातात. स्वस्त पडते म्हणून पावसाळ्यात पन्नास किलोची गोण आणू नका. दमट हवेत खाद्याला बुरशी येते आणि त्या बुरशीचं विष उकळून जात नाही. पंधरा दिवसांपुरतं आणा, पत्र्याच्या डब्यात ठेवा.

चाकं काढून टाका. जून उजाडला की ती चिखलात रुततात. चार पायांखाली शहाबादी लादीचे तुकडे ठेवा. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायचा जुना उपाय मुंबईत करू नका; साचलेलं पाणी म्हणजे डासांची पैदास आणि पालिकेच्या कीटकनाशक खात्याची नोटीस. पायाला तीन इंचांचा ग्रीसचा पट्टा लावा, दर पंधरवड्याला ताजा करा. अंडी उबवायला ठेवली असतील तर हे टाळून चालत नाही, कारण अंड्याला तडा गेला की लाल मुंग्या पिल्लू बाहेर यायच्या आत पोचतात. आणि दाराला तीन फुटी फळी लावा, चार-चार इंचांवर आडव्या पट्ट्या ठोकून. चढण नसली तर तरण्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, दिवेलागणीला खुराडं सोडून शेवग्यावर चढून बसतात आणि मग काळोखात शिडी लावायची पाळी येते.

या सगळ्या दुरुस्तीला मूळ किमतीच्या पाव भागाएवढा खर्च आणि हाताशी ड्रिल मशीन असलेल्या माणसाचे दोन दिवस धरा. तेवढ्यात ओळखीचा वेल्डिंगवाला असेल तर वरची मापं त्याच्या हातात द्या. तो एक इंची अँगलमध्ये जड पण दणकट खुराडं करून देईल. कुर्ल्याच्या भंगारात जुन्या खिडक्यांचे गज मिळाले तर आणखी स्वस्तात. बोटीतून न्यायचं असेल, वेल्डर जवळ नसेल किंवा भाड्याच्या जागेत राहत असाल, तर सुटं होणारं हे तयार खुराडंच सोयीचं.

एक उपयोग मात्र ते न बदलताही उत्तम करतं. खुडूक बसलेली कोंबडी, जिच्याखाली अंडी ठेवायची नाहीत, तिला उघड्या जाळीच्या तळावर तीन-चार दिवस दाणा-पाणी देऊन एकटी ठेवली की पोटाखाली वारा लागून तिचं खुडूकपण उतरतं. पेंढा, तूस काही घालायचं नाही. क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा आठवडी बाजारातून आणलेली नवी कोंबडी तीन आठवडे वेगळी ठेवायलाही ते ठीक, मूळ खुराड्यापासून दूर आणि रात्री बंद पडवीत. ज्यांच्याकडे पक्कं खुराडं आधीच आहे त्यांनी याच कामासाठी वापरलेलं, गंजलेलं, निम्म्या किमतीत मिळणारं घ्यावं. नवं घेणाऱ्यांनी पैसे देण्याआधी दार आणि ट्रे सुटे मिळतात का हे विचारून बिलावर लिहून घ्यावं, कारण आधी मोडतात ते हेच दोन भाग.